उपनगरात जावे की न जावे?

द्वितीय वर्ष, कला शाखा

पोटामागे माणूस जातो, ही गोष्ट नवी नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतले कितीतरी पुरुष मुंबईच्या गिरण्यांत गेले. पण त्यांचे कुटुंब, गोठा आणि सातबारा गावातच राहिला. आज जे जाणे चालू आहे ते निराळे आहे. आज सगळे बिऱ्हाडच उठते, आणि पुष्कळदा जमीन विकून उठते. शिरूर तालुक्यातली माणसे नगर रोडने वाघोलीकडे जातात; दौंड तालुक्यातली रेल्वेच्या आणि सोलापूर रोडच्या आधाराने मांजरी, हडपसर, फुरसुंगीकडे जातात. लग्नात, दहाव्याला, दिवाळीत चार माणसे जमली की कोणीतरी विचारतेच, "तुम्ही अजून इथेच?" जणू इथे राहणे हा एखादा आजार आहे! मुलाचे लग्न ठरवताना तर मुलीकडचे पहिला प्रश्न टाकतात, "पुण्यात फ्लॅट आहे का?" आणि दुसरा, "गावाकडे शेती किती?" शेती हवी, पण ती जावयाने करायला नको! या साऱ्या प्रकाराचा दोन्ही बाजूंनी शांतपणे विचार व्हावा, म्हणून हा लेखप्रपंच.

शिरूर आणि दौंड ही काही आडबाजूची गावे नव्हेत. घोडनदीकाठचे शिरूर इंग्रजांच्या काळी लष्कराची छावणी होते. जुनी माणसे अजूनही गावाला 'घोडनदी' असेच म्हणतात. दौंडहून मनमाडकडे जाणारा रेल्वेमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला आणि रेल्वेच्या कामासाठी दूरदूरची माणसे तेथे येऊन स्थायिक झाली. म्हणजे एके काळी लोक पोटासाठी या दोन गावांकडे येत होते. पुढे कुरकुंभला रासायनिक कारखाने आले, रांजणगावला मोठी औद्योगिक वसाहत झाली. फियाट, व्हर्लपूल, एलजी ही नावे आज आपल्या तालुक्यात घरोघरी माहीत आहेत. मग कारखाने दाराशी आले तरी आपली माणसे बाहेर का जातात? सकाळी नगर रोडला उभे राहिले की अर्धे उत्तर मिळते. पुण्याकडून कंपन्यांच्या बसगाड्या अभियंत्यांना घेऊन रांजणगावकडे येत असतात, आणि आपल्याकडची मुले मोटारसायकलवरून वाघोली-खराडीकडे निघालेली असतात. कारखाना इथे आहे, पण त्यातल्या चांगल्या पगाराच्या माणसाला कुटुंब घेऊन राहावेसे वाटेल अशी सोय इथे नाही. इथल्या मुलाला त्याच कारखान्यात बहुधा कंत्राटी काम मिळते. परिणामी एक इकडे येतो, दुसरा तिकडे जातो, आणि दोघेही वाघोलीच्या एकाच कोंडीत अडकतात.

आता त्या वाघोलीकडेच पाहू. वाघेश्वराचे मंदिर आणि पिलाजीराव जाधवरावांची समाधी असलेले हे पेशवेकालीन गाव. पुढे ते दगडखाणींसाठी ओळखले जाऊ लागले; पुण्याच्या कितीतरी इमारतींची खडी इथल्या डोंगरांतून फुटली. १९९३ मध्ये लातूर-उस्मानाबादकडे भूकंप झाला, तेव्हा भारतीय जैन संघटनेने शेकडो भूकंपग्रस्त मुलांना शिक्षणासाठी पुण्यात आणले आणि वाघोलीचा त्यांचा शैक्षणिक प्रकल्प त्यातूनच उभा राहिला. निराधारांना वाघोलीने आधार दिला, हे तिच्या पदरी टाकलेच पाहिजे. नंतर शेजारच्या खराडीत संगणक कंपन्या आल्या आणि वाघोलीच्या माळावर दहा-दहा, वीस-वीस मजली इमारती उभ्या राहिल्या. ३० जून २०२१ रोजी जी २३ गावे पुणे महानगरपालिकेत घेतली गेली, त्यांत वाघोली होती आणि मांजरी बुद्रुकही होती.

जाण्याचे लाभ आधी सांगते, कारण ते खरे आहेत आणि गावाच्या प्रेमापोटी ते झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पहिला लाभ जिवाचा. छातीत कळ आली, बाळंतपण अडले, तर खेड्यातून शिरूर आणि शिरूरहून पुणे किंवा नगर अशी धावाधाव करावी लागते. त्यात जो वेळ जातो, त्यावर माणूस वाचणार की नाही हे ठरते. उपनगरात निदान दवाखाना जवळ असतो. त्याचे बिल देण्याची ऐपत असणे हा पुढचा प्रश्न.

दुसरा लाभ निर्भयतेचा. शेतीपंपाला वीज रात्री मिळते, म्हणून दारे धरायला रात्री जावे लागते. आणि उसात बिबट्या असतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आपल्याच तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे मेली, त्यांत लहान मुलेही होती. ज्या आईला अंगणात लेकराला एकटे सोडायची भीती वाटते, तिला 'गावची मोकळी हवा' सोडू नकोस असे शहाणपण सांगायला मी धजणार नाही.

तिसरा लाभ शिक्षणाचा. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मीच पहिली. २०२३ च्या मार्चपासून एस.टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट झाले, ही माझ्यासारख्यांना मोठीच मदत झाली. पण तिकीट अर्धे झाले तरी गाड्या दुप्पट झाल्या नाहीत! शेवटची गाडी गाठायची म्हणून ग्रंथालयात पुस्तक अर्धे मिटून उठावे लागते. पुण्याजवळ राहणाऱ्या मुलीला अभ्यासिका आहे, व्याख्याने आहेत, विद्यापीठ आहे. शिवाय तिथे रस्त्याने जाताना "कुणाची गं तू?" असे विचारून मग किती आदराने बोलायचे हे कोणी ठरवत नाही. ज्यांनी हा प्रश्न आणि त्याच्यामागची जात पिढ्यान् पिढ्या सोसली आहे, त्यांना शहरातले अनोळखीपण मोलाचे वाटते, यात नवल नाही. घर भाड्याने घेताना हाच प्रश्न पुन्हा समोर येतो, हेही खरेच.

आता दुसरी बाजू. दुरून डोंगर साजरे, तसे हे उपनगर जाहिरातीत साजरे दिसते. जाहिरातीत पोहण्याचा तलाव असतो. प्रत्यक्षात पिण्याचे पाणी टँकरने येते. आम्ही दुष्काळात टँकर पाहिला, तो संकट म्हणून. तिथे मोठमोठ्या सोसायट्या पाऊस चांगला झालेल्या वर्षीही टँकरवर चालतात आणि त्याचा खर्च दरमहाच्या मेंटेनन्समध्ये सर्वांच्या माथी येतो. रस्त्याची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. रामवाडीपर्यंत मेट्रो मार्च २०२४ मध्ये सुरू झाली. तिथून वाघोलीपर्यंतच्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली. आधी माणसे, मग इमारती, आणि सर्वांत शेवटी रस्ता, पाणी, गटार, असा हा उलटा क्रम आहे. खेड्यात आपण घर बांधण्याआधी विहीर पाहतो.

या घाईची किंमत सर्वांत गरीब माणूस देतो. डिसेंबर २०२४ मध्ये वाघोलीच्या केसनंद फाट्याजवळ पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर रात्री डंपर गेला. तिघांचा मृत्यू झाला. त्यांतली दोन तर अगदी लहान बालके होती. अमरावतीकडून कामासाठी आलेली ही कुटुंबे होती. तीही उपनगरात राहायलाच आली होती! लाभ-हानीचा हिशेब मांडताना आपण फ्लॅट घेणाऱ्याचा मांडतो. तो फ्लॅट बांधणाऱ्याचा मांडत नाही.

आणखी एक हानी आहे, जिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. गाव महापालिकेत गेले की ग्रामपंचायत जाते आणि ग्रामसभाही जाते. आमच्याकडे कितीही राजकारण असले तरी माझी आजी ग्रामसभेत उभी राहून "नळाला पाणी का नाही?" असे सरपंचांना तोंडावर विचारू शकते. वाघोली आणि तिच्यासारखी गावे २०२१ मध्ये महापालिकेत गेली. मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सदस्यांची मुदत संपली, आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली जवळजवळ चार वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती होता. फुरसुंगी आणि उरुळी देवाची या गावांनी वर्षानुवर्षे पुण्याचा कचरा सोसला. ती २०१७ मध्ये महापालिकेत घेतली, आणि पुढे वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद केली. आपण कोणत्या कचेरीच्या दारात उभे राहायचे हेच ज्याला कळत नाही, त्याला नागरिक म्हणावे तरी कसे?

हा प्रश्न माझ्यापुरता केवळ लेखाचा विषय नाही. आमच्या घरातही हाच विचार चालू आहे. आमची भीमेकाठी अडीच एकर जमीन आहे. नदीवरून उपसा करून आणलेले पाणी आहे. दादा वाघोलीजवळच्या एका गोदामात कामाला आहे. रोजचे जाणे-येणे त्याला झेपत नाही, हे मी डोळ्यांनी पाहते. जमीन विकून निम्मे पैसे उभे करायचे आणि उरलेल्यासाठी कर्ज काढून वाघोलीला दोन खोल्यांचा फ्लॅट घ्यायचा, असा बेत आहे. खरेदीदार सगळ्या वारसांच्या सह्या मागतो, म्हणून मीही सही करावी असे घरातून सांगणे आहे.

ही सही म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी मी वाचन केले. महाराष्ट्राने १९९४ मध्येच अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा हक्क दिला. २००५ मध्ये केंद्राच्या कायद्याने तो देशभर सर्व हिंदू मुलींना, लग्न झालेल्यांनाही, मिळाला. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की हा हक्क जन्माने मिळतो. कायदा इतका स्पष्ट असूनही आपल्याकडे बहिणीने राखी बांधावी तसे सहजपणे हक्कसोडपत्र करून द्यावे, अशीच रीत आहे. माझ्या आत्यांनी ते केले. त्यांना कोणी विचारले नव्हते. मला विचारले आहे, म्हणून उत्तर विचारपूर्वक देणे मी माझे कर्तव्य समजते.

अर्थशास्त्राच्या तासाला आम्हांला संधी-खर्च शिकवतात. एक गोष्ट निवडली की जी दुसरी सोडावी लागते, ती त्या निवडीची खरी किंमत. तो धडा मी आमच्या घराला लावून पाहिला. २५ लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले, तर दरमहा हप्ता सुमारे २१ हजार ७०० रुपये बसतो. आणि २० वर्षांत बँकेला सुमारे ५२ लाख रुपये द्यावे लागतात. दादाचे काम कंत्राटी आहे. कंत्राट अकरा महिन्यांचे आणि हप्ता दोनशे चाळीस महिन्यांचा, हे गणित कोणत्या पुस्तकात बसते?

पैशांत न मावणारा खर्चही आहे. आईच्या दोन गाई आहेत. दर दहा दिवसांनी डेअरीचे जे बिल येते ते आईच्या हातात येते. माझी पुस्तके त्याच पैशांतून आली. फ्लॅटमध्ये गाय नेता येत नाही. गावात स्वतःच्या गोठ्याची मालकीण असलेल्या बाईला तिथे जाऊन दुसऱ्यांची धुणीभांडी करावी लागतील. नाहीतर चार भिंतींत बसून राहावे लागेल. काम कोणतेच हलके नसते, पण मालकी जाऊन चाकरी येते, त्याचे काय? वडिलांना शेतीखेरीज दुसरे काम येत नाही. पन्नाशीत त्यांच्या वाट्याला सुरक्षारक्षकाचा गणवेश येईल आणि ज्या फाटकातून बाकीचे आत जातात त्या फाटकावर ते उभे राहतील. आजीचे तर विचारूच नका; ओट्यावर बसून जिची सकाळ होते, तिला सातव्या मजल्यावर कोण हाक मारणार? दादाचा प्रवासाचा वेळ वाचेल, मला कदाचित पुण्याचे महाविद्यालय मिळेल. तरुणांचा लाभ आणि वडीलधाऱ्यांची हानी, अशी ही वाटणी आहे. निर्णय मात्र बहुधा हप्ता भरणारा एकटाच घेतो.

आता घराबाहेरचा हिशेब. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची साठवण सुमारे २९ टीएमसी. खडकवासल्याचा कालवा हडपसर, लोणी, यवत, पाटस या वाटेने दौंडकडे आणि पुढे इंदापूरला येतो. दौंडचा ऊस त्यावर उभा आहे. शहर वाढले की शहराची तहान वाढते आणि कालव्याचे आवर्तन लांबते. दर उन्हाळ्यात हा तंटा ठरलेलाच. खेड तालुक्यातल्या भामा-आसखेड धरणाचे पाणीही जानेवारी २०२१ पासून पुण्याच्या पूर्व भागाला जाऊ लागले. आणि वापरलेले पाणी कुठे जाते? मुळा-मुठेतून वाहत रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, म्हणजे आमच्याच पंपांच्या तोंडाशी येते. नदीवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो तो लांबून फार सुंदर दिसतो; त्या पाण्यात पाय घालणाऱ्याच्या पायांना खाज सुटते. वाघोली-मांजरीत राहायला गेलेला आपला माणूस तिथे पाणी मागतो तेव्हा ते आपल्याच मागे राहिलेल्या भावकीच्या शेतातून वळवले जाते, हे त्याला ठाऊकही नसते. उपनगर म्हणजे काही दुसरा मुलूख नव्हे. ते आपल्याच नदीच्या वरच्या अंगाला आहे.

मग काय करावे? 'कोणी जाऊच नये' असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. कान्हूर मेसाई-पाबळ पट्ट्यातल्या ज्या घरांना उन्हाळ्यात प्यायलाच पाणी नसते, त्यांना कोणत्या तोंडाने थांबा म्हणायचे? पण जाण्याच्याही रीती आहेत. हडपसरच्या मगर आणि शेजारच्या शेतकरी कुटुंबांनी शहर अंगावर आले तेव्हा जमिनी बिल्डरला विकल्या नाहीत. शंभराहून अधिक कुटुंबांनी सुमारे चारशे एकर जमीन एकत्र करून २००० सालाच्या सुमारास मगरपट्टा सिटी उभारली आणि स्वतः भागधारक राहिले. पुण्यापासून साठ-सत्तर किलोमीटरवरच्या आपल्या अडीच एकराला ती संधी नाही, हे मान्य. पण त्यातला धडा सर्वांना लागू आहे : मालकी सोडू नये.

दौंडकडे दुसरा धडा आहे. माझे मामा दौंडला राहतात आणि पास काढून रोज पुण्याला कामाला जातात. पाऊणशे किलोमीटरचे अंतर आहे, पण रुळावर केसनंद फाटा लागत नाही. २०१७ मध्ये पुणे-दौंड मार्गावर डेमू गाडी सुरू झाली. लोकल गाड्या वाढवाव्यात, ही प्रवाशांची मागणी फार जुनी आहे. ती पुरी झाली तर कितीतरी घरांना बिऱ्हाड हलवावेच लागणार नाही. शिरूरला रेल्वे नाही, आपली एस.टी. तरी वेळेवर आणि पुरेशी असावी! ज्याला आपण स्थलांतराचा प्रश्न म्हणतो, तो निम्मा वाहतुकीचा प्रश्न आहे.

तिसरा धडा पाबळचा. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी त्या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम काढला आणि शाळा सुटलेल्या खेड्यातल्या मुलांना वेल्डिंगपासून बांधकामापर्यंत हाताची कामे शिकवली. हातात कसब असलेला तरुण गावात राहिला तरी उपाशी मरत नाही, आणि शहरात गेला तरी फाटकावर उभा राहत नाही.

या साऱ्याचा विचार करून मी माझे मत असे बनवले आहे. तरुणांनी शिक्षणासाठी, कामासाठी अवश्य जावे. पण आधी भाड्याच्या खोलीत दोन वर्षे राहून पाहावे. काम कायमचे होईपर्यंत कर्ज काढू नये. घर घ्यायचेच झाले तर ते आईच्या किंवा सुनेच्या नावे घ्यावे. स्त्रीच्या नावाने खरेदी केल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, आणि त्याहून मोठा लाभ म्हणजे आयुष्यभर राबलेल्या बाईच्या नावावर काहीतरी होते. जाण्याआधी घरातल्या प्रत्येकाला, आजीलासुद्धा, विचारावे. आणि जमीन विकून मात्र जाऊ नये. फ्लॅट पुढेही मिळेल; गेलेला सातबारा पुन्हा आपल्या नावाचा होणार नाही. म्हणून मी सही करणार नाही, असे घरात सांगितले आहे. दादा माझ्यावर रागावला आहे. त्याचा राग मला समजतो, कारण पहाटे साडेपाचला थंडीत तो मोटारसायकल काढतो, मी नाही. भाड्याच्या खोलीसाठी आईच्या गाईंच्या पैशांतून मदत करावी आणि त्याच्या वाटच्या पिकाचे काम मी व आईने पाहावे, असा मार्ग मी सुचवला आहे. तो मान्य होईल की नाही, हे आज सांगता येत नाही.

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींना आणि गुरुजनांना शेवटी एक विनंती. आपल्यापैकी प्रत्येकाच्या वाडी-वस्तीवरची किती घरे गेली, किती जमीन विकून गेली, किती परत आली आणि गेलेल्यांच्या आयांचे तिथे काय झाले, याची नोंद आपल्या महाविद्यालयात कोणाकडेही नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पुढच्या शिबिरात आपण रस्ता झाडण्याबरोबरच घरोघर जाऊन ही नोंद केली, तर पुढच्या वर्षीच्या अंकात माझ्यासारखीला मतावर लेख लिहावा लागणार नाही; तिला आकड्यांवर लिहिता येईल.